फ्रीझरमधला पिझ्झा तळाला ओला, चावायला वातड: तपासायचं कुठून

गोव्यात फोंड्याला घरातून पिझ्झा करून द्यायला लागले त्याला आठ वर्षं झाली. निम्मी गिऱ्हाइकं गरमागरम नेतात, निम्मी अर्धा भाजलेला नेऊन आपल्या फ्रीझरमध्ये ठेवतात. फोन येतात ते या दुसऱ्यांचे. "ताई, परवाचा पिझ्झा आज काढला, गरम केला, पण तसा लागला नाही हो." पावसाळ्यात तर आठवड्यातून दोन-तीन वेळा हे वाक्य ऐकते. मग मी तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारत जाते. सगळ्यांचा संशय गरम करण्यावर असतो. दोष मात्र बहुतेक वेळा त्याआधीच शिरलेला असतो, पिझ्झा बांधताना किंवा गोठताना. पाणी कुठून आलं आणि कुठे अडकलं, हे कळलं की बाकीचं सोपं आहे.

आधी लक्षणं नीट बघा

तुकडा हातात घ्या, उलटा करा, मधोमध मोडा. तळ ओला आहे आणि टोक खाली लोंबतंय, पण कड बरी आहे? मग कुठून तरी ओल शिरली आहे. तळ कोरडा आहे पण दाताने तुटत नाही, चामड्यासारखा ओढला जातो? मग मायक्रोवेव्ह तरी कारण आहे, नाहीतर तो फ्रीझरऐवजी खालच्या कप्प्यात राहिला आहे. वर चीज उकळतंय आणि आत बर्फाची कणी दाताखाली येते, तेव्हा आच मोठी झाली आहे. कडेला पांढरट, खडूसारखे डाग आले असतील आणि तिथे कसलीच चव नसेल, तर हवा लागून तो भाग सुकला आहे. पिशवीत बर्फाचा भुगा साठला असेल तर आत हवा राहिली होती, नाहीतर फ्रीझरची थंडी सारखी कमी-जास्त होते आहे. चीजला बांगड्याचा वास येत असेल, तर कारण मी सांगायला नको.

शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. सुटे ठेवलेले तुकडे एकमेकांत रुतून एकच ढेप झाली असेल आणि पिशवीच्या तळाशी गोठलेल्या पाण्याची चकती असेल, तर तो माल मधे कधीतरी वितळला आणि पुन्हा गोठला. अशा वेळी चवीच्या भानगडीत पडू नका. खाली वीज जाण्याबद्दल लिहिलं आहे ते आधी वाचा.

पिझ्झा ओट्यावर काढून ठेवता का?

हा माझा पहिला प्रश्न, कारण याला एक पैसा लागत नाही. "हो, तासभर आधी काढून ठेवते, नरम व्हायला," असं उत्तर आलं की निम्मं काम झालं.

जुलैतल्या एखाद्या दुपारी फ्रीझरमधला तुकडा उघडाच ताटलीत काढून ठेवा आणि समोर बसून बघा. दोन मिनिटांत चीजवर धुकं धरल्यासारखी पांढरी झाक येते. पाचव्या मिनिटाला तिचे बारीक थेंब होतात. दहाव्या मिनिटाला थेंब एकमेकांना मिळून कडेवरून खाली उतरतात, आणि ताटलीला टेकलेला पाव ते पाणी पिऊन घेतो. हे पाणी पिझ्झ्यातलं नव्हेच, आपल्या हवेतलं आहे. गार पाण्याच्या बाटलीला घाम फुटतो तोच प्रकार. पुण्याला किंवा बेळगावला उन्हाळ्यात हा त्रास कमी जाणवतो. आपल्याकडे समुद्र जवळ आणि चार महिने पाऊस, त्यामुळे बर्फासारख्या थंड वस्तूला दमट हवा क्षणात धरते.

म्हणून नियम असा: तुकडा फ्रीझरमधून थेट तापल्या तव्यावर किंवा ओव्हनमध्ये. आधी वितळवायचाच असेल, म्हणजे अख्खा जाड पिझ्झा असेल, तर तो गुंडाळलेलाच रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. घाम बाहेरच्या प्लॅस्टिकला येतो, तो फडक्याने पुसायचा आणि मगच पिशवी उघडायची. ओट्यावर तासन्‌तास ठेवायचा नाही, याला दुसरंही कारण आहे. शिजवलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांच्या पुढे गेला की एकच तास. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत स्वयंपाकघर त्याच्या वरच असतं.

गरम कशावर करता?

पिझ्झा गरम करायला माझ्या घरात सगळ्यात चांगलं साधन बिडाचा तवा आहे, घावन काढतो तोच. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) बाजूला ठेवून मी दोन तुकड्यांसाठी तवाच घेते. तवा मंद आचेवर तीन मिनिटं तापवा, तेल नको. गोठलेला तुकडा ठेवा, वर खोलगट झाकण घाला, आच अगदी बारीक. सात-आठ मिनिटं हात लावू नका. तुकड्यावरच्या बर्फाची वाफ झाकणाखाली कोंडते, तिच्याने वरचं चीज सुटतं आणि मधला भाग गरम होतो. मग झाकण काढा आणि आतल्या बाजूचं पाणी तुकड्यावर न सांडता बाजूला झटका. आता दोन मिनिटं उघडंच राहू द्या. याच दोन मिनिटांत तळ कुरकुरीत होतो. उलथनं खाली घातलं की खर्र असा कोरडा आवाज आला पाहिजे. आवाज ओला आला तर अजून एक मिनिट थांबा.

लोक चुकतात ते झाकणातच. कुणी झाकण घालतच नाही, मग तळ करपतो आणि वर बर्फ राहतो. कुणी शेवटपर्यंत काढत नाही, मग सगळी वाफ पावात मुरते. फ्रीझरमधला नसून फ्रीजमधला तुकडा असेल तर त्याला स्वतःची वाफ पुरत नाही. तेव्हा तव्याच्या कडेला, तुकड्यापासून लांब, अर्धा चमचा पाणी टाकून लगेच झाकायचं. असा तुकडा चार-पाच मिनिटांत होतो.

ओटीजी असेल तर २०० अंशांवर दोन्ही सळ्या लावून दहा मिनिटं आधी तापवा, आतला ट्रेसुद्धा आतच तापू द्या. गार ट्रेवर गार पिझ्झा ठेवला की ट्रे तापेपर्यंत तळ नुसता घाम सोडत बसतो. गोठलेल्या तुकड्याला दहा मिनिटं, अख्ख्याला पंधराच्या आसपास. काचेच्या भांड्यात गोठवलेला पिझ्झा त्याच भांड्यासकट गरम ओव्हनमध्ये घालू नका, काच तडकते. एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर सहा-सात मिनिटं पुरतात, फक्त सुट्या भाज्या आतल्या वाऱ्याने उडतात.

आणि मायक्रोवेव्ह. त्याच्या लहरी पाण्याला झटपट तापवतात, बर्फाला फारच कमी. त्यामुळे जिथे आधी थेंबभर पाणी सुटतं तिथे उकळी फुटते आणि शेजारी बर्फ तसाच राहतो. वर, पावातलं पाणी वाफ होऊन निघून गेलं की पाव गार होता होता चामड्यासारखा होतो. कामावरच्या कॅन्टीनमध्ये दुसरं काही नसेल तर वीस-वीस सेकंद, मधे थांबत थांबत गरम करा आणि लगेच खा. घरी असाल तर मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट आणि मग तवा. कुठल्याही पद्धतीने केलात तरी मधला भाग वाफाळता झाला पाहिजे. थर्मामीटर असेल तर आत ७५ अंश दिसले पाहिजेत, विशेषतः चिकन किंवा चोरीस (गोव्याचं मसालेदार डुकराचं सॉसेज) घातलेला असेल तेव्हा.

फ्रीजमध्ये ठेवता की फ्रीझरमध्ये?

हा प्रश्न विचारायला मी स्वतः दोन वर्षांनी शिकले, कारण मला वाटायचं की सगळ्यांना फरक माहीत आहे. डिचोलीच्या एक काकी शपथेवर सांगायच्या की "फ्रीजातच ठेवलाय गो", आणि तो खरोखरच फ्रीजात होता, दुधाच्या शेजारी, चार दिवस.

पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, पोय हा पाव आठवा. सकाळची पोय संध्याकाळी बाहेर ठेवली तर जरा कडक होते, पण फ्रीजमध्ये ठेवली तर सकाळपर्यंत लाकूड. तव्यावर शेकली की पुन्हा मऊ. हे पाणी उडाल्यामुळे होतं असं वाटतं, पण तसं नाही. ज्याँ-बातिस्त बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवून दिलं होतं की पाव हवाबंद ठेवून पाणी अजिबात जाऊ दिलं नाही तरी तो शिळा होतो, आणि ६० अंशांपर्यंत तापवला की परत ताज्यासारखा होतो. भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगलेला आणि मोकळा असतो. गार होताना तो पुन्हा घट्ट रचना धरतो. ही रचना सगळ्यात वेगाने धरली जाते ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यातल्या थंडीत, शून्याच्या जरा वर. उणे १८ अंशांवर ती जवळजवळ थांबते. म्हणून उद्या सकाळीच खायचा असेल तर फ्रीज ठीक आहे, फार तर तीन दिवस. त्याहून लांबवायचं असेल तर त्याच दिवशी फ्रीझर. चार दिवस फ्रीजमध्ये ठेवून मग "वाया जाईल" म्हणून फ्रीझरमध्ये टाकलेला पिझ्झा शिळाच गोठतो आणि शिळाच बाहेर येतो.

बांधताना काय झालं

इथे मला सगळ्यात जास्त चुका सापडतात, म्हणून जरा थांबते.

गरम पिझ्झा बांधू नका. डब्यात किंवा फॉइलमध्ये कोंडलेली वाफ आतल्या बाजूला थेंब धरते, ते थेंब पिझ्झ्यावरच गोठतात, आणि गरम करताना पुन्हा पाणी होऊन पावात जातात. जाळीवर ठेवा, खालून हवा लागू द्या. ताटात गार करायला ठेवला तर तळाखाली वाफ साठते. जाळी नसेल तर कुकरची जाळी किंवा दोन उलथन्यांवर आडवा ठेवला तरी चालतो. पंख्याखाली अर्ध्या तासात हाताला गार लागतो.

नंतर तुकडे करा आणि न बांधता, एकमेकांना न टेकवता, ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये फ्रीझरच्या मागच्या भिंतीला लागून दीड-दोन तास ठेवा. ॲल्युमिनियम उष्णता चटकन ओढून घेतं, प्लॅस्टिकचा डबा घेत नाही. पिझ्झा जितका लवकर गोठेल तितके आतले बर्फाचे कण बारीक राहतात. हळू गोठला तर कण मोठे होतात, भाजीच्या पेशी फाडतात, आणि वितळताना ते सगळं पाणी मोकळं सुटतं. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लॅब्राडॉरच्या कडाक्याच्या थंडीत हेच पाहिलं होतं. पाण्यातून काढलेली मासळी तिथल्या वाऱ्यात झटक्यात गोठायची आणि महिन्यांनी शिजवली तरी ताजी लागायची. पुढे त्याने झटपट गोठवायची यंत्रं बनवली, ती या निरीक्षणावरूनच. मासळी ओळखणाऱ्या गोंयकाराला हे वेगळं समजावावं लागत नाही. हळू गोठलेला इसवण (सुरमई) कढईत कसा पाणी सोडतो ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

तुकडे दगडासारखे झाले की एकेक क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, वरून फॉइल, आणि सगळे झिपच्या पिशवीत. पिशवी बंद करण्यापूर्वी हाताने दाबून हवा काढा. तुकड्यांमधे बटर पेपर घातलात तरी चालेल, पण मग पिशवी एकदा उघडली की सगळे तुकडे लवकर संपवा. हवा राहिली की फ्रीझरच्या कोरड्या थंडीत बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन निघून जातो आणि पिझ्झ्यावर ते पांढरे खडूसारखे डाग राहतात. ते खाऊन अपाय होत नाही, पण तो भाग सुधारतही नाही, कापून टाका. पुठ्ठ्याच्या खोक्यात मात्र कधीच ठेवू नका. पुठ्ठा ओल पितो, वास पितो, आणि आत अर्धं खोकं हवाच असते.

वासाचं म्हणाल तर चीजमधली चरबी वास धरून ठेवते. फ्रीझरच्या एकाच खणात बांगडे, सुकट आणि पिझ्झा असेल तर दुहेरी गुंडाळणं हाच उपाय. श्रावण पाळणाऱ्या घरांत पिझ्झ्याच्या मागण्या आधीच्या आठवड्यात येतात. त्यांना मी सांगते की मासळी संपल्यावर फ्रीझर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडा करून मगच पिझ्झा ठेवा.

पिझ्झ्यावर काय घातलंय

टोमॅटोच्या कच्च्या चकत्या, कच्चे मश्रूम, डब्यातला अननस, जाड चिरलेली सिमला मिरची ही सगळी पाणी सोडणारी मंडळी. गोठवायचा असेल तर भाज्या आधी कोरड्या तव्यावर परता, तव्यावर सुटलेलं पाणी आटेपर्यंत. अननस दोन्ही हातांत दाबून पिळा. सॉस इतका आटवा की चमच्याने कढईच्या तळावर रेघ ओढली तर ती लगेच भरून येता कामा नये. हा माझा मापदंड आहे, आणि सॉसच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. पातळ सॉसचा पिझ्झा ताजा खाताना भागून जातो, गोठवल्यावर अजिबात नाही.

पाण्यात मिळणारं ताजं मोझरेला गोठवायला कामाचं नाही, कमी पाण्याचं, विटेसारखं मिळतं ते घ्या. चोरीस घालायची तर आधी परतून सुटलेली चरबी निथळून घ्या, आणि असा पिझ्झा महिन्याभरात संपवा. मिठामुळे चरबी फ्रीझरमध्येही हळूहळू खवट होत जाते. साध्या चीजचा पिझ्झा दोन महिने छान राहतो. तुळशीची किंवा रॉकेटची पानं गरम केल्यावर वरून घाला, आधी घातली की काळी पडतात.

घरीच पीठ मळून करत असाल तर पूर्ण भाजून गोठवू नका. बेस २२० अंशांवर चार-पाच मिनिटं, नुसता पांढरा फुगेपर्यंत भाजा. जाळीवर पूर्ण गार करा, मग पातळ थर सॉस, भाजी आणि गार चीज घालून गोठवा. खायच्या वेळी पहिल्यांदाच पुरता भाजला जातो, दुसऱ्यांदा नव्हे. पूर्ण भाजलेला पुन्हा भाजला की कड कडकडीत होते. मी विकते तो असाच असतो.

आता फ्रीझरकडे वळा

वरचं सगळं करूनही तळ ओलाच राहत असेल, किंवा पिशवीत बर्फाचा भुगा साठतच असेल, तर पिझ्झा सोडून फ्रीझर तपासायचा.

आईसक्रीम आहे का घरात? ते चमचा सहज आत जाण्याइतकं मऊ असेल तर फ्रीझर उणे १८ अंशांवर नाही. फ्रीझरचा छोटा थर्मामीटर फार महाग नसतो. गोठलेल्या दोन पाकिटांच्या मधे तो रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडताच वाचा. दार उघडं ठेवून वाचत बसलात तर तुम्ही हवेचं तापमान मोजता आहात. उणे १२ दिसलं तर आधी थंडीचं बटण वाढवा. पावसाळ्यात ते एक घर वर ठेवायचीच सवय करा. आणि एका वेळी तीन-चार पिझ्झे कोंबू नका, तेवढा माल गोठवताना सगळा फ्रीझर तापतो आणि आधीचा बर्फही वितळायला लागतो.

मग दाराची रबरी पट्टी. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. जरा ताण देऊन आली पाहिजे. अलगद निघाली तर तिथून दमट हवा आत जाते आहे. चारी बाजूंना, दर वीतभर अंतरावर करून बघा, विशेषतः खालच्या कोपऱ्यात. पट्टीच्या घड्यांत काळी बुरशी आणि दुधाचे डाग साठतात. कोमट साबणाच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून घासा, पुसून कोरडी करा. पट्टी वाकडी झाली असेल तर केस वाळवायच्या यंत्राने जरा गरम करून हाताने सरळ बसवा. फाटली असेल तर बदलायची, चिकटपट्टी लावून दिवस काढू नका. फ्रीजचे पुढचे पाय किंचित उंच असले की दार आपलं आपण बंद होतं, हेही बघून घ्या.

एका दाराचा साधा फ्रीज असेल आणि फ्रीझरमध्ये बोटाच्या निम्म्या पेराएवढा बर्फ चढला असेल तर तो काढायचा. बर्फाचा थर थंडी वाढवत नाही, उलट नळीची थंडी आत पोचू देत नाही. फ्रीज बंद करा, पिन काढा, आतला माल वर्तमानपत्रात गुंडाळून आईसबॉक्समध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवून दार लावा. तासाभरात बर्फ सुटा होतो. सुरी, उलथनं, स्क्रूड्रायव्हर घालून खरवडू नका. त्या ॲल्युमिनियमच्या भिंतीतच गॅसची नळी असते आणि एका टोच्यात फ्रीज निकामी होतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये मागच्या जाळीतून वारा येतो. पाकिटं तिला चिकटून रचली असतील तर दोन बोटं जागा सोडा.

शेवटी फ्रीजची पाठ. पिन काढून, भिंतीपासून ओढून बघा. पणजी, वास्को, कळंगुट अशा समुद्राजवळच्या घरांत मागच्या जाळीवर खाऱ्या हवेने गंज चढतो, आणि धूळ त्यावर चिकटून बसते. ब्रशने हलक्या हाताने काढा. भिंतीपासून वीतभर तरी अंतर हवं, कारण आतली उष्णता इथूनच बाहेर पडते.

वीज गेली होती का?

दोन वर्षांपूर्वी जुलैत आमच्या वाड्यावरच्या तारांवर फणस पडला आणि दोन रात्री काळोख होता. फ्रीझरमध्ये चवदा पिझ्झे होते. तिसऱ्या दिवशी वीज आल्यावर सगळे पुन्हा टणक झाले, आणि वरवर बघता काही झालंय असं वाटलंच नसतं. ढेप झालेली दिसली म्हणून कळलं. चवदाच्या चवदा फेकले. मागणी घेतलेल्या प्रत्येक घरी फोन करून सांगितलं.

तेव्हापासून वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवते. नाणं बर्फावर असेल तर काही झालं नाही. वाटीच्या तळाशी बर्फात गाडलेलं मिळालं तर सगळं वितळलं होतं, आणि माल फेकायचा. दार न उघडता ठेवलं तर गच्च भरलेला मोठा फ्रीझर ४८ तासांपर्यंत थंडी धरतो, अर्धा भरलेला २४. घरातल्या फ्रीजच्या वरच्या छोट्या कप्प्यावर तेवढा भरवसा ठेवू नका. वीज आल्यावर पिझ्झ्यात अजून बर्फाच्या कण्या असतील आणि तो फ्रीजमधल्या पदार्थाइतका गार असेल तर तेव्हाच भाजून खाऊन टाका. कोमट झालेला नको. "नीट भाजला की जंतू मरतात" असं घरोघरी म्हणतात. जंतू मरतात हे खरं, पण काहींनी आधी सोडलेलं विष भाजूनही तसंच राहतं. वासावरून ते कळत नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

फ्रीजला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, मग ते कितीही हलकं असो, तर हात काढा, मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पावसात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून "जरा बघते" असं म्हणायचं नाही. फ्रीज किंवा ओटीजी लावला की घरातला ब्रेकर पडतो, तेव्हाही हेच. ब्रेकर परत परत वर करू नका.

कॉम्प्रेसर दर दोन-चार मिनिटांनी टक्‌ करून चालू होतो आणि लगेच बंद पडतो. मोटर अखंड चालते पण थंडी नाही. फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरतो आणि बाकी भिंत कोरडी. मागच्या नळीवर तेलाचा डाग. यातलं काहीही दिसलं तर फ्रीजचा मेकॅनिकच हवा. गॅस, रिले, थर्मोस्टॅट, फ्रॉस्ट-फ्रीचा हीटर ही घरी उघडायची कामं नव्हेत. लाइट मिणमिणत असतील, तर मेकॅनिकच्या आधी घरातला व्होल्टेज तपासून घ्या. फ्रीज बिघडलेला नसून स्टॅबिलायझर नसल्यामुळे अडखळत असेल.

हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए गॅस असतो, आतल्या स्टिकरवर तसं लिहिलेलं असतं. हा आयसोब्युटेन आहे, पेट घेणारा. बर्फ काढताना नळी फुटून सूं आवाज आला तर कुठलंही बटण दाबू नका, शेगडी पेटवू नका, दारं-खिडक्या उघडा आणि सगळ्यांना बाहेर काढा. मेकॅनिकला फोनवरच गॅसचं नाव सांगा, म्हणजे तो त्या तयारीने येईल.

ओटीजीची एकच सळी लाल होते, काचेला तडा आहे, किंवा वायरीचं टोक मऊ पडलंय, तर तो वापरणं थांबवा. तवा आहेच.

आणि खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले तर ओआरएस द्या. पाणी पोटात ठरत नसेल, शौचात रक्त असेल, ताप चढत असेल, लघवी कमी झाली असेल, किंवा आजारी पडलेलं लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल, तर घरचे उपाय करत बसू नका, दवाखान्यात न्या. रात्र असेल तर १०८ला फोन लावा.

मेकॅनिकला बोलावताना कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवा: थर्मामीटरवर सकाळी किती दिसलं, नोट कुठल्या कोपऱ्यातून सुटली, आणि शेवटची वीज कधी गेली होती. माझ्याकडे येणारा मेकॅनिक आधी हा कागद मागतो, हत्यारांची पेटी नंतर उघडतो.